शाळेपर्यंतची पाखाडी: वाडीतल्या दिव्यांग मुलासाठी घरानं, शाळेनं आणि गावानं काय करायचं

आमच्या शाळेकडे यायला वरच्या वाडीतून ३७ पायऱ्यांची पाखाडी आहे. जांभ्याची, जुनी. एखादी पायरी वीतभर, तर एखादी गुडघ्याएवढी. पहिला पाऊस पडला की आठवड्याभरात तिच्यावर शेवाळ धरतं. या पाखाडीवरून एक मुलगा दोन वर्षं वडिलांच्या पाठीवर बसून शाळेत आला. त्याला सेरेब्रल पाल्सी आहे. जन्माच्या वेळी मेंदूला इजा झाल्यानं त्याच्या पायांचे स्नायू ताठ राहतात. डोकं तल्लख, हातात जोर चांगला. तिसरीत गेल्यावर त्याचं वजन वाढलं, वडील बोटीवर खलाशी म्हणून लागले आणि त्याचं येणं थांबलं.

त्याला कुणीच नाही म्हटलं नव्हतं. हजेरीपटावर नाव होतं, पुस्तकं घरी पोचत होती, मी आठवड्यातून एकदा जाऊन अभ्यास देत होते. पाखाडीचंच काही करता येईल हे माझ्या डोक्यात यायला चार महिने गेले. त्या चार महिन्यांची मला आजही चुटपुट लागते.

"आम्ही सगळ्या मुलांना सारखंच वागवतो" हे वाक्य मी शाळाशाळांतून ऐकते, मनापासून म्हटलेलं ऐकते. पण ती पाखाडीही सगळ्यांना सारखीच होती. पुढे जे लिहिते आहे ते कोकणातल्या वाड्यांमध्ये राहणाऱ्या आईबाबांसाठी, अंगणवाडी ताईंसाठी आणि माझ्यासारख्या जिल्हा परिषदेच्या शिक्षकांसाठी. क्रम साधारण वयाचा आहे. तुमचं मूल जिथे आहे तिथून वाचा.

शंका आली की तपासणी

चार महिन्यांचं बाळ मान धरत नाही. नऊ महिन्यांचं झालं तरी आधाराशिवाय बसत नाही. दीड वर्षांचं होऊनही चालत नाही किंवा एकही शब्द बोलत नाही. मागून हाक मारली तर वळत नाही, नजरेला नजर देत नाही. यातलं एकही दिसलं तर वाट बघू नका. "त्याचा बाबाही उशिराच बोलला", "मुलगे उशिरा बोलतात" ही वाक्यं प्रेमानंच म्हटली जातात, पण त्यात वर्ष-दोन वर्षं निघून जातात. ऐकू न येणाऱ्या मुलासाठी भाषा शिकायची हीच वर्षं सगळ्यात मोलाची असतात. जन्मतः पाऊल आत वळलेलं असेल तर पहिल्या काही आठवड्यांतच प्लास्टर सुरू करायचं. तेव्हा हाडं कोवळी असतात आणि पाऊल पुष्कळदा मोठ्या शस्त्रक्रियेशिवाय सरळ येतं. नंतर काही वर्षं रात्री घालायचे बूट असतात. ते मध्येच सोडले तर पाऊल पुन्हा वळतं.

आपल्याकडे असं काही दिसलं की आधी देवळात कौल लावतात, गाऱ्हाणं घालतात. गाऱ्हाणं जरूर घाला. पण त्याच आठवड्यात अंगणवाडीतही जा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं आणि १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करतं. अडचण आढळली की ते जिल्हा रुग्णालयाशी जोडलेल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे चिठ्ठी देतात. पथक येईल त्या दिवशी मूल हजर ठेवा. दिव्यांग मूल नेमकं त्याच दिवशी "कशाला त्याला न्यायचं" म्हणून घरी राहतं.

पुढच्या तपासणीसाठी मुंबई गाठावी लागली तर दोन केंद्र सरकारी संस्था लक्षात ठेवा. कान आणि बोलणं यासाठी वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था, आणि हातपाय, चालणं, कृत्रिम अवयव यासाठी हाजीअलीची भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था. प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी मुंबईत असतंच. गणपतीला आलेल्या चाकरमान्यांना तेव्हाच सांगून ठेवा की मुलाला घेऊन चार दिवस राहायला येणार आहोत.

दाखला आणि कार्ड

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये २१ प्रकारचं दिव्यांगत्व मोजलं आहे. स्वमग्नता (ऑटिझम), अध्ययन अक्षमता, थॅलेसेमिया, सिकलसेल हेही त्यात येतात. "हातपाय धड आहेत, मग कसला दाखला" असं कुणी म्हणालं तर त्यावर विसंबू नका. बहुतेक योजनांसाठी ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व लागतं.

आधी महा-ई-सेवा केंद्रातून स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, नोंदणी करा. आधार, फोटो, रहिवासाचा पुरावा आणि असतील ते सगळे जुने रिपोर्ट न्या. मग रुग्णालयात तपासणी. मंडणगड-दापोलीकडून रत्नागिरी गाठायची किंवा दोडामार्गातून ओरोसला जायचं म्हणजे अख्खा दिवस जातो, म्हणून निघण्याआधी फोन करून विचारा: आपल्या मुलाच्या प्रकारचे डॉक्टर कोणत्या वारी बसतात? हीच तपासणी जवळच्या उपजिल्हा रुग्णालयात होते का? एका बाईंनी कानाच्या तपासणीसाठी तीन फेऱ्या मारल्या. तिन्ही वेळा तज्ज्ञ नव्हते. त्यांची तीन दिवसांची मजुरी गेली. लहान मुलांना अनेकदा ठरावीक मुदतीचाच दाखला मिळतो. मुदत कधी संपते ते भिंतीवरच्या कालनिर्णयावर लिहून ठेवा.

वाट आणि घर

माझ्या मते सगळ्यात जास्त कष्ट इथे घालायला हवेत, आणि सगळ्यात कमी इथेच घातले जातात. शिबिरात मिळालेली व्हीलचेअर पडवीत गंजत पडलेली मी किती घरांत पाहिली आहे! खुर्ची वाईट नसते. तिच्यासाठी वाटच नसते.

एक दिवस मोकळा काढा आणि मुलाला घेऊन घरापासून शाळेपर्यंत चाला. सोबत वहीपेन, मोजपट्टी आणि वाडीतलं एक गवंडीकाम जाणणारं माणूस. मूल जिथे जिथे थांबतं, धरायला काही शोधतं किंवा "उचला" म्हणतं ती प्रत्येक जागा लिहा. आमच्या पाखाडीवर अशा अकरा जागा निघाल्या. ३७ पायऱ्यांपैकी त्रास देणाऱ्या अकराच होत्या हे कळल्यावर काम एकदम आवाक्यात आलं. उंच पायऱ्यांपुढे अर्धा चिरा बसवून एकीच्या दोन केल्या. गुळगुळीत झालेल्या पायऱ्यांवर छिन्नीनं आडव्या रेघा मारून घेतल्या. दोन्ही बाजूंना कठडा केला, तोही मुलाच्या कमरेच्या उंचीचा, कारण मोठ्यांच्या उंचीचा त्याला धरता येत नाही. पहिल्या वर्षी बांबूचा होता. नंतर पाइप लावला, पण खाऱ्या हवेत साधा लोखंडी पाइप टिकत नाही. गॅल्व्हनाइज्ड घ्या आणि दरवर्षी मे महिन्यात रंगवा. शेवाळासाठी पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी ब्लिचिंग पावडर टाकून तारेच्या ब्रशनं घासायचं. ही पाळी आम्ही घरवार लावली.

तो मुलगा आता कठडा दोन्ही हातांनी धरून, आडवा होऊन, एकेक पायरी उतरतो. दप्तर आईकडे असतं. त्याला वीस मिनिटं लागतात. परिपाठ सुरू झालेला असला तरी तो उशीर धरायचा नाही, हे आम्ही शाळेत ठरवून टाकलं आहे.

शाळेच्या रॅम्पबद्दलही सांगते, कारण नुसता दाखवायला बांधलेला रॅम्प पायऱ्यांपेक्षा धोकादायक असतो. एक फूट चढायला बारा फूट लांबी लागते. जोतं दोन फूट उंच असेल तर चोवीस फूट. तेवढी जागा सरळ मिळत नसेल तर मध्ये सपाट जागा सोडून वळवा. वरचा गिलावा गुळगुळीत करू नका, ओला असतानाच त्यावर खराटा आडवा ओढा. दरवाजा तीन फूट रुंद हवा. आणि रॅम्प जर वर्गापर्यंत जातो पण शौचालयापर्यंत जात नाही, तर मूल दिवसभर पाणी प्यायचं टाळतं. मुली तर हमखास. पालकांनी भेटीला गेल्यावर शौचालय स्वतः उघडून बघावं.

घरात फार खर्च न करता पुष्कळ होतं. न्हाणीघरात आणि परसाकडे जायच्या वाटेवर धरायला दांडा. प्लॅस्टिकच्या भक्कम खुर्चीला मध्ये भोक पाडून शौचाची खुर्ची. सेरेब्रल पाल्सीच्या मुलाला भरवताना कधीही आडवं ठेवू नका. पाठ टेकून ताठ बसवा, मान किंचित पुढे, चमचा लहान. पातळ पेजेचा ठसका लागत असेल तर त्यातलाच भात घोटून ती दाट करा. मासळी द्यायचीच, ताकद येते. फक्त काटा बोटांनी चाचपून काढा, नुसता डोळ्यांनी बघून नाही.

आकडी येणाऱ्या मुलांसाठी एवढं पाठच करा. कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही ठेवा, तोंडात काही घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका, घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही तर दवाखाना गाठा. बरं वाटलं म्हणून गोळी मनानं बंद करायची नाही. आणि अशा मुलाला विहिरीवर, खाडीत, नदीवर एकटं सोडायचं नाही.

शाळेत नाव घालताना

४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकायचा हक्क आहे. सरकारी किंवा अनुदानित शाळेला दिव्यांगत्वाच्या कारणानं प्रवेश नाकारता येत नाही. "आमच्याकडे सोय नाही" हे उत्तर कायद्यात बसत नाही, कारण वाजवी सोय करून देणं हे शाळेचंच काम आहे. असं उत्तर मिळालं तर भांडू नका. शांतपणे म्हणा, "सर, एवढं कागदावर लिहून द्या." बहुतेक वेळा इथेच प्रश्न मिटतो. नाही मिटला तर लेखी अर्ज केंद्रप्रमुखांकडे, मग गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे, मग जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडे, आणि शेवटी पुण्याच्या राज्य दिव्यांग आयुक्तांकडे. प्रत्येक अर्जाची पोच घ्या.

तालुक्याच्या गटसाधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात. त्यांना मुलाला भेटायला बोलवा. साहित्य, प्रवासभत्ता, मदतनीस भत्ता, मुलींसाठी महिना २०० रुपये प्रोत्साहन भत्ता या 'समग्र शिक्षा' या सरकारी योजनेतल्या गोष्टी त्यांच्यामार्फत येतात. मूल घराबाहेर पडूच शकत नसेल तर घरी येऊन शिकवण्याची तरतूद आहे. पण तो मार्ग अगदी शेवटी धरा. आमच्या त्या मुलाला मी घरी दिलेला सगळा अभ्यास येत होता. फक्त चार महिन्यांत त्याच्याशी खेळायला एकही मूल आलं नव्हतं.

शाळा व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश सदस्य पालक असतात. दिव्यांग मुलाच्या आईनं त्यात नाव द्यावं. बाथरूमचा दांडा, रॅम्पची डागडुजी हे विषय मग दर बैठकीत निघतात.

वर्गात

आषाढात पत्र्याच्या छपरावर पाऊस कोसळत असतो तेव्हा वर्गातल्या कुणालाच काही ऐकू येत नाही. कमी ऐकू येणाऱ्या मुलीचं रोजचं शिक्षण तसंच असतं. तिच्याकडे बघून बोला, फळ्याकडे तोंड करून नको. उजेड तुमच्या चेहऱ्यावर पडला पाहिजे, म्हणून खिडकीला पाठ करून उभे राहू नका. दुसरं मूल उत्तर देतं तेव्हा त्याच्याकडे बोट दाखवा, म्हणजे तिला कळतं कुणाच्या ओठांकडे बघायचं. "कळलं का?" असं विचारलं तर ती मान हलवते, प्रत्येक वेळी हलवते. त्यापेक्षा पाटीवर लिहून दाखवायला सांगा.

कानाच्या मशीनचा कोकणातला शत्रू म्हणजे दमट हवा. रात्री मशीन कोरड्या सुती फडक्यानं पुसा, सेल काढा, सेलचं झाकण उघडं ठेवून घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. चुलीच्या वैलावर किंवा गरम भांड्यावर वाळवू नका, आतले भाग बिघडतात. ज्या मुलीला मशीननंही पुरेसं ऐकू येत नाही तिच्या घरानं खुणांची भाषा शिकायची. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा केंद्राचा १०,००० शब्दांचा कोश व्हिडिओंसह इंटरनेटवर फुकट आहे. रोज रात्री जेवताना पाच खुणा. आजीनंही शिकायच्या, कारण दिवसभर मुलगी आजीसोबतच असते.

कमी दिसणाऱ्या मुलाला पहिली रांग, जाड काळ्या पेनानं लिहिलेली मोठी अक्षरं, आणि फळ्यावर लिहिताना तोंडानंही वाचणं. कातळावर ऊन चमकतं तेव्हा पुढे झडप असलेली टोपी.

शिकायला वेळ लागणाऱ्या मुलाला कुठलंही काम शेवटाकडून शिकवा. चड्डी घालायची असेल तर तुम्ही मांडीपर्यंत चढवा आणि शेवटचं ओढणं त्याला करू द्या. ते जमलं की गुडघ्यापासून, मग पायापासून. दर वेळी काम पुरं करण्याचा आनंद त्याच्याच वाट्याला येतो. असं एक मूल आमच्याकडे वाण्याच्या दुकानात दहाची नोट देऊन बिस्किटपुडा आणायला दोन महिन्यांत शिकलं. हीच मुलं मोठी झाली की काजू सोलायला, आमराईत राखणीला बिनमजुरीनं लावली जातात. काम शिकवा, पण मजुरी द्या.

बोर्डाच्या परीक्षेसाठी लेखनिक, तासाला वीस मिनिटं जादा वेळ अशा सवलती आहेत. शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे अर्ज वेळेत गेला पाहिजे. रत्नागिरी-सिंधुदुर्गासाठी ते कोकण विभागीय मंडळ, रत्नागिरीतच. दहावीच्या जानेवारीत धावाधाव करण्यापेक्षा नववीतच कागद जमवा, आणि लेखनिकाबरोबर सरावही तेव्हाच सुरू करा. सांगून लिहून घेणं हे वेगळं कौशल्य आहे.

इतर मुलं, आणि आपली जीभ

लंगडा, मुका, खुळा. ही नावं मुलं मोठ्यांकडूनच उचलतात. वाडीत माणसाला ओळखायचीही तीच रीत असते, "तो लंगड्याचा पोरगा". आधी शिक्षकांनी आणि घरच्यांनी मुलाला त्याच्या नावानं हाक मारायची. मुलं प्रश्न विचारतात तेव्हा त्यांना गप्प करू नका, खरं उत्तर द्या. "त्याचे पाय ताठ होतात, म्हणून हळू चालतो. दुखत नाही. तुला लागण होत नाही. कॅरम मात्र तो तुझ्यापेक्षा बरा खेळतो." एवढं पुरतं. एका मैत्रिणीला कायमची मदतनीस करू नका, तिचंही खेळणं बुडतं. पाळी लावा. आणि दिव्यांग मुलालाही पाळी द्या: घंटा वाजवायची, हजेरी घ्यायची, पाणी वाटायचं. मोठ्या माणसानं चारचौघांत मुद्दाम अपमान केला तर तो २०१६ च्या कायद्यानं गुन्हा आहे आणि शिक्षा सहा महिने ते पाच वर्षं कैदेची आहे. गावात हे एकदा ग्रामसभेत वाचून दाखवा.

गणपती आणि शिमगा

सणाला मूल माजघरात ठेवून दार ओढून घेतलेलं मी पाहिलं आहे, पाहुण्यांनी विचारू नये म्हणून. बाहेर आणा. पण स्वमग्न मुलाला घर माणसांनी भरणं, टाळ-झांजा, फटाके हे अंगावर आल्यासारखं होऊ शकतं, म्हणून तयारी आठ दिवस आधी करा. गेल्या वर्षीचे फोटो दाखवून क्रम सांगा: मूर्ती येणार, आरती होणार, मामा येणार, मग विसर्जन. मागच्या पडवीत त्याची एक शांत जागा ठरवा. तिथे इतर मुलांनी जायचं नाही. आरतीच्या वेळी त्याला कान झाकू द्या, किंवा तो दारातून बघेल. पालखी दारात येते तेव्हा ढोलवाल्यांना दोन घरं आधीच निरोप द्या की आमच्या अंगणात हळू वाजवा. वाजवतात. मी दोन शिमगे हे बघते आहे.

पैसा कुठून

ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करावी लागते. आमचा पाइपचा कठडा याच निधीतून मागून झाला. ग्रामसभेत लेखी मागणी द्या, ठरावात नोंद करून घ्या, आणि मागच्या वर्षी ही रक्कम कशावर खर्च झाली ते विचारा. एसटीत दिव्यांगांना भाड्यात ७५ टक्के सवलत आहे. टक्केवारी जास्त असेल तर सोबत्यालाही सवलत मिळते, डेपोत विचारा. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुदिव्यांगत्व असलेल्यांसाठी निरामय आरोग्य विमा आहे, वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत. त्यात ओपीडी आणि थेरपीचाही खर्च बसतो.

सुरक्षितता

जे मूल बोलू शकत नाही त्याच्यावरचा अत्याचार लपवणं सोपं जातं. मुलाला शरीराच्या सगळ्या भागांची नावं किंवा खुणा शिकवा, "नको"ची खूण शिकवा, आणि ती खूण त्यानं आईला केली तरी आईनं मानायची. आंघोळ घालणारी माणसं ठरलेली हवीत. मूल अचानक एखाद्या माणसाला, घराला, रिक्षाला घाबरू लागलं तर त्याच्यावर विश्वास ठेवा. १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक आहे. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पॉक्सो कायद्यात पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि जबाब घेताना विशेष शिक्षक किंवा दुभाषा मागता येतो. गावकीत मिटवायची ही गोष्ट नाही.

आई, भावंडं, आणि १८ वर्षांनंतर

आमच्याकडच्या बहुतेक घरांत हे सगळं एकटी आई ओढते. आठवड्यातला एक अख्खा दुपारचा वेळ दुसऱ्या कुणीतरी मुलाला सांभाळायचं असं घरात ठरवा. भावंडांना "तू शहाणी आहेस, समजून घे" असं रोज ऐकवू नका. त्यांच्याही शाळेच्या कार्यक्रमाला आईबाबांपैकी एकानं जायचं.

बौद्धिक दिव्यांगत्व किंवा स्वमग्नता असलेलं मूल १८ वर्षांचं झालं की कायद्यानं सज्ञान होतं. बँक, जमीन, सातबारा या व्यवहारांसाठी मदत लागणार असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक स्तर समितीकडे कायदेशीर पालकत्वाचा अर्ज करता येतो. सतराव्या वर्षीच चौकशी सुरू करा, आणि अर्ज लिहायला बसाल तेव्हा त्यालाही शेजारी बसवा. कोणासोबत राहायला आवडेल हे पहिल्यांदा त्याला विचारा, बोलता येत नसेल तर घरातल्या माणसांचे फोटो पुढे मांडून.